ओवेनची 'पिटी': कीव, करुणा की कारुण्य?

प्रश्न असा आहे: पहिल्या महायुद्धातला सैनिक-कवी विल्फ्रेड ओवेन याने आपल्या नियोजित संग्रहाच्या प्रस्तावनेत विषय सांगितला, 'वॉर, अँड द पिटी ऑफ वॉर', आणि कविता त्या 'पिटी'तच आहे असं म्हटलं. मराठी अनुवादात इथे 'युद्धाची कीव' चालेल का?

नाही चालणार. पहिली अडचण षष्ठीची. 'त्याची कीव आली' म्हणजे त्याच्याबद्दल वाटली. तसं 'युद्धाची कीव' म्हटलं की दया युद्धालाच मिळते, सैनिक बाजूला राहतो.

दुसरी अडचण शब्दाच्या स्वभावाची. कीव वरून खाली वाहते. 'तुझ्या बुद्धीची कीव येते' यात तर नुसती तुच्छता आहे. ओवेन वर कुठे उभा होता? मँचेस्टर रेजिमेंटचा हा सेकंड लेफ्टनंट जानेवारी १९१७ मध्ये आपल्या माणसांसोबत पाणी साचलेल्या भुयारी आसऱ्यात तोफमाऱ्याखाली अडकला होता. तिथे एका पहारेकऱ्याची दृष्टी गेली. 'द सेंट्री' ही कविता त्यातूनच आली. तीत अधिकारी त्याच्या पापण्यांशी ज्योत धरतो: अंधुक उजेड दिसला तरी तू आंधळा नाहीस. त्याला काहीच दिसत नाही. शेवटी तोच ओरडतो, दिवे दिसतायत! तेव्हा दिवे कधीच विझलेले असतात. या ओळींपुढे 'कीव' शब्द ठेवून पाहा, लगेच खटकतो.

'करुणा' बरीच जवळ येते. पण 'करुणा भाकणे' म्हटलं की मागणारा आणि देणारा आलेच. शिवाय करुणा पाहणाऱ्याच्या मनात असते, आणि ओवेनला ती युद्धाच्या आतच दिसते. परिस्थितीच्या अंगी असलेल्या या गुणाला मराठीत 'कारुण्य' म्हणतात. म्हणून: 'माझा विषय युद्ध, आणि युद्धातलं कारुण्य. कविता आहे ती त्या कारुण्यात.' दोन्ही वाक्यांत शब्द एकच ठेवावा. दुसऱ्या वाक्यात 'करुणा' घातली तर मुद्दाच सुटतो.

ओघात एक: या लेखनाला 'वीरकाव्य' म्हणू नये. हे पुस्तक वीरांबद्दल नाही, अशीच त्या प्रस्तावनेची सुरुवात आहे. 'युद्धकविता' पुरे. ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, पंचविसाव्या वर्षी, ओवेन साँब्र-ओआझ कालव्यावर मारला गेला; संग्रह १९२० मध्ये निघाला, त्यामुळे प्रस्तावना कच्च्या खर्ड्यासारखीच राहिली. अनुवादातही ती तुटक राहू द्यावी.

क्रियापद हवं असेल तिथे 'कणव वाटते' घ्यावं.