राउटर टेबलाच्या टॉपला झोळ का येतो?

प्रश्न : १८ मिमी प्लायचा एकच थर घेऊन राउटर टेबल (लाकडात खाचा पाडणारं राउटर यंत्र खाली उलटं टांगलेलं टेबल) केलं, वर सनमायका लावला. पावसाळ्यात टॉप मधे दबला. आता फळीला खाच पाडली की दोन्ही टोकांना ती खोल येते आणि मधे उथळ. टॉप बदलावा लागेल का? (सुदामानगर, इंदूर)

उत्तर : सनमायका फक्त वरून लावलात, हे मूळ कारण. वरची बाजू बंद झाली, खालचा उघडा प्लाय मात्र पावसाळी हवेतला ओलावा पीत राहिला. खालची बाजू फुगली की कडा वर उचलतात आणि टॉप मधे खोलगट होतो. त्यात राउटरचं वजन नेमकं तिथेच लटकतं, जिथे भोक पाडून आपण टॉप कमजोर केलेला असतो. फळी या खळग्यावर पुलासारखी टेकते, म्हणून तिच्या मधल्या भागाला बिट (राउटरचं फिरणारं पातं) कमी लागतो. टोकं खळग्यात उतरतात, तिथे जास्त लागतो.

झोळ २ मिमीपेक्षा जास्त असेल तर दुरुस्तीच्या मागे लागू नका, नवा टॉप करा. १८ मिमी बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणाऱ्या) प्लायचे दोन तुकडे, साधारण ८०० × ६०० मिमीचे, फेविकॉलने एकमेकांवर चिकटवा. चिकटवताना खाली खरोखर सपाट जागा हवी. स्वयंपाकाच्या ओट्याचा ग्रॅनाइट उत्तम. जागा वाकडी असेल तर तोच वाक ३६ मिमी जाडीत कायमचा बसतो. कडेने क्लँप, मधे वजन, आणि २४ तास हात लावू नका. मग दोन्ही बाजूंना १ मिमी सनमायका. खालचा स्वस्तातला चालेल, पण हवाच. कडांना सागाची पट्टी मारा. राउटर ज्या प्लेटला लटकतो, तिच्यासाठी टॉपमध्ये पाडलेल्या खाचेत उघडा पडणारा प्लाय पॉलिशने बंद करा, ओलावा तिथूनही शिरतो.

टॉपखाली राउटरच्या दोन्ही अंगांना ७५ × २५ मिमीच्या पट्ट्या उभ्या बसवा. त्यांची वरची धार आधी रंध्याने सरळ करून घ्या, नाहीतर स्क्रू आवळताना पट्टीच टॉपला वाकवते. शेवटी लांब स्टीलची पट्टी तिरकी-आडवी ठेवून पाहा. तिच्याखालून व्हिजिटिंग कार्ड सरकायला नको. पाय, कपाट, खण कसेही असोत, ही एक गोष्ट मात्र चोख पाहिजे.

प्रश्न : प्लेट कशाची घ्यावी आणि ती टॉपच्या पातळीत कशी बसवावी? (तिलकनगर, इंदूर)

उत्तर : ६ मिमी ॲल्युमिनियम किंवा १० मिमी हायलम (राळेत दाबून केलेला कडक पत्रा). ॲक्रिलिक दिसतं छान, पण मोटरच्या वजनाने हळूहळू वाकतं. ३०० × २३० मिमी माप पुरे. राउटरच्या तळाची काळी चकती काढून तिच्यावरून भोकं आखा. प्लेट चकतीपेक्षा जाड असते, म्हणून मूळ स्क्रू आखूड पडतात. त्याच आट्याचे लांब स्क्रू इंदूरच्या सियागंज बाजारात मिळतील.

प्लेट टॉपवर ठेवा आणि चारही बाजूंना १२ मिमी प्लायच्या पट्ट्या घट्ट भिडवून दुहेरी टेपने चिकटवा. प्लेट उचला. वर बेअरिंग असलेला बिट या पट्ट्यांच्या आधाराने फिरवून, प्लेटच्या जाडीपेक्षा अर्धा मिमी खोल खाच दोन-तीन फेऱ्यांत काढा. आतून १२ मिमीची कड सोडून उरलेला भाग जिगसॉने कापा. खाचेचे कोपरे गोल येतात; पटाशीने ते काटकोनात करा, किंवा प्लेटचे कोपरे कानशीने गोल करा.

प्लेटच्या चार कोपऱ्यांत आटे पाडून बिनडोक्याचे ग्रब स्क्रू बसवा आणि त्यांनी पातळी साधा. लाकूड उजवीकडून डावीकडे जातं. त्यामुळे उजव्या कडेला अडलं तर प्लेट वर आहे, डाव्या कडेला अडलं तर खाली आहे, असं समजा.

प्रश्न : फेन्स (लाकूड टेकवून सरकवायची उभी पट्टी) टेबलाच्या कडेला समांतर बसत नाही. शिवाय लाकूड अचानक हातातून ओढलं जातं. (रामबाग, इंदूर)

उत्तर : समांतर असण्याची गरजच नाही. बिट गोल आहे, त्याला फेन्सची दिशा कळत नाही. एक टोक बोल्टवर फिरतं ठेवा, दुसरं क्लँपने आवळा. फेन्स सरळ आणि टॉपशी काटकोनात आहे ना, हे मात्र गुण्या लावून पाहा.

ओढलं जाण्याकडे दुर्लक्ष करू नका, बोटं तिथेच जातात. लाकूड डावीकडून सरकवलंत, किंवा बिट आणि फेन्स यांच्या फटीत घातलंत, की बिट ते हिसकावतो. फिरणारा बिट फेन्सच्या तोंडात हवा, फक्त लागेल तेवढाच भाग बाहेर. एका फेरीत ३ मिमीपेक्षा जास्त घेऊ नका. ५० मिमी व्यासाच्या आसपासच्या बिटाला वेग मिनिटाला साधारण १६,००० फेऱ्यांवर आणा. १२ मिमी दांड्याचा बिट १२.७ मिमीच्या कोलेटमध्ये (बिटाचा दांडा पकडणाऱ्या चिमट्यात) कितीही आवळला तरी निसटतो. तो वापरूच नका.

राउटरचं बटण लॉक करून टेबलावरच्या साध्या स्विचने चालवत असाल तर वीज जाऊन परत आल्यावर तो आपोआप सुरू होतो. वीज गेल्यावर आपोआप बंद पडणारा आणि हाताने दाबल्याशिवाय सुरू न होणारा स्विच समोरच्या पायावर, गुडघ्याच्या उंचीला बसवा. आणि बिट बदलताना प्लग काढलेलाच हवा.