इंग्रजी शिकवताना मोफत साधनं : तुमचे प्रश्न

प्रश्न : माझे विद्यार्थी तासन्‌तास इंग्रजी व्हिडिओ बघतात, तरी समोरचा इंग्रजीत बोलायला लागला की गडबडतात. एखादं चांगलं चॅनल सुचवाल का?

चॅनल बदलून फार फरक पडणार नाही. खाली सबटायटल दिसत असतील तोवर मुलं ऐकत नसतात, वाचत असतात. बीबीसी लर्निंग इंग्लिशचा ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ घ्या, पण सगळा भाग लावू नका. वीस सेकंदांचा तुकडा पुरे. तो तीनदा ऐकवा आणि जे कानावर पडेल ते लिहायला सांगा, चुकीचं असलं तरी. मग तोच तुकडा ०.७५ वेगाने लावा, आणि अगदी शेवटी संकेतस्थळावरची लेखी संहिता उघडा.

माझ्या वर्गात एकदा ‘अ‍ॅन अवर अँड अ हाफ’ असे शब्द आले. एका मुलीने वहीत देवनागरीत ‘अनावर’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं होतं. तिने ऐकलं होतं अगदी बरोबर! बोलताना ‘न’ पुढच्या स्वराला चिकटतो आणि दोन शब्दांचा एक होतो. पुस्तकात तिला हे सगळे शब्द येत होते. ते कुठे तुटतात, एवढंच कळत नव्हतं. तिच्या त्या एका शब्दावर आमचा अख्खा तास गेला. असा तास आठवड्यातून दोनदा घ्या. मुलांच्या वहीतल्या चुका जपून ठेवा, पुढे काय शिकवायचं ते त्याच सांगतात.

प्रश्न : माझेच उच्चार पक्के नाहीत. मग मुलांचे कसे सुधारू?

हे मोकळेपणाने विचारलंत, बरं वाटलं. यूग्लिश या संकेतस्थळावर शब्द टाकला की यूट्यूबवरच्या व्हिडिओंत तो जिथे उच्चारला गेलाय, नेमकी ती जागा वाजते. अमेरिकी, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन असे उच्चार वेगळे निवडता येतात. ‘कम्फर्टेबल’ हा शब्द वेगवेगळ्या दहा जणांच्या तोंडून ऐका. बहुतेक जण त्याचे तीनच तुकडे करतात, ‘कम्फ्-ट-बल’ असं काहीतरी. मुलांसोबत बसून ऐका, तुम्हीही शिकताय हे त्यांना दिसू द्या.

तपासणीसाठी गुगल डॉक्समधलं व्हॉइस टायपिंग वापरा, भाषा इंग्रजी निवडून. आपल्या एका ‘व’मध्ये इंग्रजीचे दोन ध्वनी कोंबले जातात. ‘व्हाइन’ म्हणजे वेल. तो म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकायला हवेत. ‘वाइन’ म्हणताना ओठांचा चंबू. मुलाने वेल म्हटलं आणि पडद्यावर मद्य उमटलं, की चूक त्याची त्यालाच दिसते. एक मात्र सांभाळा : हे यंत्र आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधतं आणि कधी कधी बरोबर उच्चारही चुकीचा टिपतं. म्हणून त्यावर गुण देऊ नका.

प्रश्न : निबंध दिला की मुलं मशीन भाषांतर करून आणतात. बंदी घालावी का?

बंदी पाळली जात नाही आणि आपण विनाकारण पोलीस होतो. पहिला परिच्छेद वर्गातच हाताने लिहून घ्या. पुढचं लेखन गुगल डॉक्समध्ये, तुम्हाला संपादनाचा हक्क देऊन. तिथल्या व्हर्जन हिस्टरीत मजकूर ओळीओळीने वाढला की एकदम येऊन पडला, हे दिसतं. पकडण्यासाठी तिचा वापर करू नका. मुलाला शेजारी बसवा, त्याने खोडलेली वाक्यं त्याला दाखवा आणि का खोडलंस ते विचारा. लेखन खरं शिकवलं जातं ते त्या खोडलेल्या वाक्यांपाशी.

भाषांतराचं यंत्रही तासाला बसवता येतं. ‘डोकं खाऊ नकोस’, ‘त्याने हात वर केले’ अशी वाक्यं टाका, आलेलं इंग्रजी तपासायला द्या. कुठे अर्थ निसटला यावर मुलं हिरीरीने भांडतात, तेही शक्य तितकं इंग्रजीत.

प्रश्न : शब्द पाठ होतात आणि आठवड्यात विसरतात.

विसरणारच. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर केलेले प्रयोग छापले, तेव्हापासून हे माहीत आहे, आणि अंतराअंतराने उजळणी केली की विसरणं मंदावतं हेही. अंकी हे कार्डांचं साधन ती अंतरं आपोआप सांभाळतं. संगणकावर आणि अँड्रॉइडवर ते मोफत आहे, आयफोनवर विकत घ्यावं लागतं. कार्डावर सुटा शब्द नको, जोडी लिहा. मराठीत पाऊसही जोराचा आणि वाराही जोराचा. इंग्रजीत मात्र ‘हेवी रेन’ आणि ‘स्ट्राँग विंड’. रोज पाच नवी कार्डं, ती मुलांनी स्वतः बनवलेली. दुसऱ्यांची तयार गठडी उतरवून घेतली तर ती सहसा तशीच पडून राहते.

प्रश्न : वाचायला मोफत, सोपं काय द्यावं?

सिंपल इंग्लिश विकिपीडिया. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर हजारो पुस्तकं आहेत, पण बरीचशी शंभर वर्षांपेक्षा जुन्या इंग्रजीतली, नवशिक्यांना नकोत.

प्रश्न : माझे विद्यार्थी दहा वर्षांचे आहेत. त्यांची खाती उघडू का?

नको. बऱ्याच सेवांना किमान १३ वर्षं वय लागतं, आणि मुलाचं खरं नाव, आवाज, चेहरा ही जोखीम आपण परस्पर घेऊ नये. खातं तुमचं, पडदा सगळ्यांचा. आवाज टिपायचा असेल तर पालकांना विचारून फोनच्या साध्या रेकॉर्डरवर टिपा, मुलाला ऐकवा आणि पुसून टाका.