उणे वीस अंशांच्या खोलीत केबल तडकते तेव्हा

प्रश्न : मिरकरवाड्याजवळ आमचं मासळीचं कोल्ड स्टोरेज आहे. उणे 20 अंशांच्या खोलीत दिव्यांसाठी नवी केबल ओढताना वळणावर आवरण तडकलं. माल नकली होता का?

उत्तर : बहुधा नाही. केबलच्या आवरणातल्या साध्या पीव्हीसी प्लास्टिकला मऊपणा देणारा घटक थंडीत काम करत नाही. शून्याखाली केबल वाकवली, आपटली की चिरते. एकदा नीट बसवलेली, न हलणारी केबल त्याच थंडीत टिकूही शकते. म्हणजे दोष ओढण्याच्या वेळेचा.

शक्य तर खोलीचं कूलिंग बंद ठेवून, तापमान शून्याच्या बरंच वर आल्यावर काम करा. ते जमत नसेल तर सिलिकॉन रबर इन्सुलेशनची केबल घ्या. गुंडाळी आदले 24 तास बाहेर उबेत ठेवा, लागेल तेवढाच तुकडा आत न्या आणि लगेच बसवा. वळणाची त्रिज्या केबलच्या व्यासाच्या किमान 12 पट ठेवा. तडकलेला तुकडा टेप गुंडाळून चालवू नका, बदलाच.

आपल्याकडे खरा घात दमट हवा करते. खोलीच्या भिंतीच्या पॅनेलमधून केबल जिथे आत शिरते तिथल्या पाइपातून बाष्प आत जातं, गोठतं आणि जंक्शन बॉक्स (तारा जोडण्याचा डबा) बर्फाने भरतो. म्हणून पाइपाचं बाहेरचं, उबदार तोंड केबलभोवती सीलंटने पूर्ण बुजवा. पॅनेल थर्मोकोलचं असल्यास पीव्हीसी त्याला टेकू देऊ नका. थर्मोकोल तो मऊपणा देणारा घटक शोषतो आणि केबल कडक होते.