एमडी ड्रग, म्हणजे मेफेड्रोन, पुण्याजवळच्या फॅक्टरीत बनत असेल तर त्यात आंतरराष्ट्रीय सहकार्याचा काय उपयोग?

उपयोग आहे, आणि खूप आहे. फेब्रुवारी २०२४ आठवा, पुणे पोलिसांनी कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यावर धाड टाकली, मग धागे दिल्लीपर्यंत गेले, सगळं मिळून दीड हजार किलोच्या वर मेफेड्रोन निघालं आणि माल लंडनला जात होता असं पोलिसांनी सांगितलं. म्हणजे बनवणारा इथे, घेणारा तिकडे, मग एकट्या पुणे पोलिसांनी कुठवर पळायचं?

अफूला शेत लागतं, ते दिसतं तरी. एमडीसारख्या सिंथेटिक, म्हणजे केमिकलपासून बनवलेल्या, ड्रगला फक्त रिअ‍ॅक्टर, केमिकल्स आणि एखादा जाणकार केमिस्ट पुरतो, आणि हे सगळं औषध कंपन्यांच्या एमआयडीसीत सहज खपून जातं. म्हणून खरी नाकेबंदी कच्च्या केमिकलची करायला हवी. १९८८ च्या युएनच्या ड्रग तस्करीविरोधी करारात तशी सोय आहे, यादीतलं केमिकल निर्यात करायच्या आधी समोरच्या देशाला कळवायचं, त्यासाठी पेन ऑनलाइन नावाची सिस्टीम पण आहे, ऑर्डर संशयास्पद वाटली तर माल निघायच्या आधीच थांबवता येतो.

पण अडचण अशी की एक केमिकल यादीत घातलं की ड्रग बनवणारे रेणूत थोडा बदल करून यादीबाहेरचं दुसरं वापरतात, आणि यादी बदलायला वेळ लागतो. त्यामुळे मला वाटतं, कराराइतकंच महत्त्वाचं म्हणजे देशादेशांतल्या अधिकाऱ्यांनी नवीन केमिकलची माहिती एकमेकांना लगेच देणं. परदेशात बसलेला आरोपी आणायचा तर प्रत्यर्पण लागतं, ब्रिटनशी आपला तसा करार १९९२ पासून आहे, पण तिथल्या कोर्टात वर्षं जातात आणि तोवर इकडे पोरं बरबाद होतात.