आधी ड्रायव्हर ठरवा, मग गाडी बघा

तुम्ही लिहिलंय की परतूरला मेडिकलचं दुकान आहे आणि हाताशी ४ लाख आहेत. दलालानं २०१८ ची दहा टायर गाडी, म्हणजे मालट्रक, ११ लाखांत दाखवलीय. बाकीचं कर्ज काढून ड्रायव्हर ठेवला तर महिन्याला ४० हजार सुटतील असं तो म्हणतो. हे खरं आहे का, आणि दुकानात बसून हे जमेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी जालन्याचा. सात वर्षं एक दहा टायर गाडी ड्रायव्हरवर चालवतोय, भाडं बहुतेक सळईचं. ४० हजार सुटलेले महिने माझ्या वहीत आहेत, पण मोजकेच. नेहमीचा बरा महिना कसा जातो ते सांगतो. गाडी ६,००० किलोमीटर पळाली, भाडं आलं २ लाख ६५ हजार. भरलेली-रिकामी धरून लिटरला ४ चा ॲव्हरेज, म्हणजे १,५०० लिटर डिझेल. ते ९१ च्या भावानं १ लाख ३६ हजार ५०० झालं. टोल २२ हजार. ड्रायव्हरचा पगार २० आणि भत्ता ९, असे २९ हजार. टायरची झीज साडेसोळा हजार. ती त्या महिन्यात खिशातून जात नाही म्हणून नवे मालक धरतच नाहीत, आणि वर्षा-दीड वर्षानं दहाही टायर एकदम उभे राहतात. ऑइल, ग्रीस, पाटे, किरकोळ काम १० हजार. विमा, टॅक्स, परमिट, पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) यांचा महिन्याचा वाटा ९ हजार. ट्रान्सपोर्टचं कमिशन, वराई (माल चढवण्या-उतरवण्याची हमाली), वजनकाटा, ताडपत्री-रस्सा १२ हजार. बेरीज २ लाख ३५ हजार, म्हणजे उरले ३० हजार.

यातून तुमचा हप्ता जायचाय. जुन्या गाडीला फायनान्सवाले १५ टक्क्यांच्या आसपास लावतात. ७ लाख तीन वर्षांसाठी घेतले तर महिन्याला २४ हजारांवर हप्ता बसतो. हातात राहिले ६ हजार. त्यात एकदा क्लच प्लेट गेली किंवा हाउसिंगचं (मागच्या ॲक्सलचं) काम निघालं की पुढचे दोन महिने दुकानाच्या गल्ल्यातून हप्ता भरावा लागेल. म्हणून ४ लाखांच्या जिवावर ही गाडी घेऊ नका. निम्म्याहून जास्त पैसे स्वतःचे असले तरच हे गणित बसतं. शिवाय गाडीच्या किमतीबाहेर दीड लाख रोख बाजूला पाहिजेत. भाड्याचा ॲडव्हान्स लोडिंगच्या वेळी मिळतो, पण बाकी रक्कम पोहोच (माल मिळाल्याची सही-पावती) जमा केल्यावर, आणि ती महिना-दोन महिने अडकते. डिझेल मात्र रोज लागतं.

कमाई-तोटा ठरतो तो परतीच्या भाड्यावर. जालन्यातून सळई भरून गाडी कुठंही जाते, अडचण येताना. मुंबईकडून जालन्याच्या स्टीलच्या भट्ट्यांसाठी भंगार मिळतं, रायपूरच्या बाजूनं स्पंज आयर्न, म्हणजे स्टीलचा कच्चा माल, मिळतो. जिथून परत काही मिळत नाही तिथं जायचं असेल तर जातानाच दोन्ही बाजूंचं भाडं वसूल होतंय का ते बघावं लागतं. हे फोन दुपारी येतात आणि अर्ध्या तासात हो-नाही सांगावं लागतं. दुकानात बसून हे जमतं, पण फोन उचलणारे तुम्हीच पाहिजेत. नातलगावर सोपवलेल्या गाड्या मी दोन वर्षांत विकलेल्या बघितल्यात.

तुम्ही असंही विचारलंय, सीझनला कारखान्यावर ऊस वाहतुकीला लावू का. पहिल्या गाडीला तर मुळीच लावू नका. नुसत्या वाहतुकीवर तिथं भागत नाही, तोडणीची टोळीही गाडीमालकानंच आणायची असते. कारखाना तुमच्या नावावर उचल देतो, ती तुम्ही टोळी आणणाऱ्या मुकादमाला देता आणि तो कोयत्यांना, म्हणजे तोडणीच्या जोड्यांना, वाटतो. टोळी आली नाही किंवा अर्ध्या सीझनमध्ये निघून गेली तर मुकादमाचा बॉण्ड तुमच्या कपाटात पडून राहतो आणि कारखान्याची वसुली तुमच्या दारात येते. बीड, परळी, माजलगावकडं यापायी जमिनी गेलेले गाडीमालक आहेत. तोडणी करणाऱ्या माणसांचे हाल याहून मोठे आहेत, तो वेगळा विषय.

आता ड्रायव्हरकडं येतो, कारण यातलं सगळं त्याच्या हातात आहे.

पहिल्या वर्षी मी ठोक पद्धत ठेवली होती. फेरीमागं ठरलेली रक्कम, त्यात त्यानं सगळं भागवायचं. मला सोपं वाटलं. ठोक म्हटलं की माणूस झोप मोडून फेऱ्या वाढवतो. नागपूरहून येताना मेहकरच्या अलीकडं पहाटे त्याचा डोळा लागला आणि गाडी चारीत आडवी झाली. त्याचा पाय मोडला, जीव वाचला. त्याआधीच्या दोन रात्री तो झोपलेला नव्हता हे मला माहीत होतं. लवकर खाली कर म्हणून मीच फोनवर फोन करत होतो. चूक माझी होती आणि दवाखान्याचा सगळा खर्च मी केला. तेव्हापासून महिन्याचा पगार ५ तारखेला त्याच्या घरच्या खात्यावर जातो, भत्ता वेगळा, आणि रात्री १२ ते ५ गाडी उभी. यामुळं महिन्याला एखादी फेरी कमी होते. वर दिलेला हिशेब ती कमी धरूनच आहे.

आता जो माणूस आहे तो घनसावंगीकडचा, पाच वर्षं टिकलाय. टायरची हवा स्वतः बघतो, फाळक्याची कडी सैल झाली तर फोन करतो. डिझेलचा हिशेब आम्ही टाकी फुल ते टाकी फुल असा ठेवतो, ठरलेल्या पंपांवर. ॲव्हरेज ठरल्यापेक्षा वर गेला तर वाचलेल्या डिझेलचे निम्मे पैसे त्याचे. फास्टॅगला माझा नंबर आहे, प्रत्येक टोलनाक्याचा मेसेज मला येतो, गाडी कुठं आहे ते विचारावं लागत नाही.

म्हणून म्हणतो, आधी असा माणूस शोधा. आधीच्या मालकाला भेटा, गाडी का सोडली ते विचारा. लायसनवर ट्रान्सपोर्टची नोंद आहे का आणि तिची मुदत किती ते नीट बघा. ही नोंद आता ५ वर्षांचीच असते, आणि संपलेल्या लायसनवर अपघात झाला तर विमा कंपनी पैसे तुमच्याकडून वसूल करू शकते. पॉलिसीत पगारी ड्रायव्हर-क्लिनरची जबाबदारी लिहिलीय का तेही वाचा, कारण कामावर इजा झाली तर भरपाईचं ओझं मालकावर येतं.

आणि गाडी बघायला त्यालाच घेऊन जा. सकाळी इंजिन थंड असताना सुरू करायला लावा. दलालानं आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडून धूर जोरात येतोय का बघा. चॅसीवर वेल्डिंग आहे का ते खाली झोपून बघा. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. नक्षी चांगली आणि रबर सहा वर्षं जुनं असलं तर उन्हाळ्यात समृद्धीच्या काँक्रीटवर ते टिकत नाही. २०१८ ची गाडी बीएस ४ ची आहे. तिला धूर साफ करणाऱ्या युरियाची टाकी असेल तर ती सिस्टीम खरंच चालू आहे की वायर तोडून बंद केलीय, हे मिस्त्रीला विचारा.

कागदांत ‘वाहन’ या सरकारी साइटवर कर्जाचा बोजा, टॅक्स आणि चलनं तपासा. ओव्हरलोडचा दंडच २० हजार आणि वर जास्तीच्या दर टनाला २ हजार आहे, जुनी चलनं तुमच्या गळ्यात यायला नकोत. ८ वर्षांनंतर पासिंग दरवर्षी लागतं, म्हणून नेमक्या याच वयाच्या गाड्या बाजारात येतात. नाव बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होऊन आरसी आणि विमा दोन्ही तुमच्या नावावर होईपर्यंत माल भरू नका. नोटरी करून दुसऱ्याच्या नावावर गाडी चालवायला दलाल सांगेल, ते ऐकू नका. आयकराचंही आत्ताच ध्यानात घ्या. १२ टनांवरच्या गाडीला (गाडी आणि माल मिळून वजन) आयकराच्या ठोक पद्धतीत दर टनामागं महिना १,००० रुपये उत्पन्न धरतात, म्हणजे २५ टनांच्या गाडीला २५ हजार.

अठरा टायर ट्रेलरचंही तुम्ही विचारलंय. त्याला कायमचं काम देणारी कंपनी आणि ट्रेलरवर हात बसलेला ड्रायव्हर लागतो. पहिली गाडी दहा टायरच बरी.

सौदा करण्याआधी ओळखीच्या कुणाच्या गाडीत केबिनमध्ये बसून एक फेरी नागपूरपर्यंत करून या, खाली करायला लागणाऱ्या थांब्यासकट. दुकान तीन दिवस बंद राहील, राहू द्या. आल्यावर त्या ११ लाखांच्या गाडीच्या टायरवरचे आकडे आणि विम्याची तारीख इथंच लिहा, किंमत किती खाली आणायची ते सांगतो.