धरणाच्या पाण्याचा मालक कोण, आणि कुणाला किती पाणी मंजूर आहे हे शेतकऱ्याला कुठे बघायला मिळतं?

तुम्ही विचारलंय की धरणाच्या पाण्याची मालकी नेमकी कुणाची, आणि जमिनीचा सातबारा जसा कुणालाही बघता येतो तसा पाण्याचा का नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे. मालक कुणीच नाही. नैसर्गिक संपत्तीचं सरकार फक्त विश्वस्त आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने कमलनाथ प्रकरणात १९९६ सालीच सांगितलंय. महाराष्ट्रात २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यानुसारही शेतकऱ्याला, कारखान्याला किंवा महापालिकेला मिळतो तो वापराचा हक्क. पाणी कुणाच्या नावावर चढत नाही.

दुसरा प्रश्न माझ्या घरातला आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आजोबा गेल्यावर वाटणी झाली. थोरल्या चुलत्यांना, म्हणजे आबांना, चारीच्या, म्हणजे रानाला पाणी देणाऱ्या छोट्या पाटाच्या, तोंडाकडची जमीन गेली. वडिलांच्या वाट्याला टेलची, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाची आली. एकर सारखेच होते. मोजणीदार आला, हद्दी खुणावल्या, बांध पडले. पाण्याबद्दल कुणी अक्षर काढलं नाही, कारण कागदावर दोन्ही रानं लाभक्षेत्रातच, म्हणजे धरणाचं पाणी मिळायच्या भागातच होती. जमीन काटेकोर मोजून दिली आणि पाणी मोजायचं राहिलं.

पुढे वडील दर हंगामाला नमुना नंबर सात, म्हणजे पाणी मागणीचा अर्ज भरायचे, थकबाकी कधी ठेवली नाही. शेजपाळीचा, म्हणजे ओळीने पाणी घ्यायचा नियम असा की पाळी टेलकडून सुरू करायची आणि भिजवत भिजवत वर यायचं. आमच्या चारीवर ती नेहमी वरूनच सुरू व्हायची. आबांचा ऊस, त्यांच्या शेजाऱ्याचा ऊस, मग केळी, आणि आमचा हरभरा फुलावर आला की आवर्तन, म्हणजे कालव्याला त्या खेपेला सोडलेलं पाणी, बंद. पाटकऱ्याला, म्हणजे चारीला पाणी सोडणाऱ्या सरकारी माणसाला विचारलं की तो म्हणायचा, ‘वरनं सोडलंय, खाली येईना त्याला मी काय करू?’ एकदा चावडीवर वडिलांनी हा विषय काढला. आबा चारचौघांत म्हणाले, ‘टेलची जमीन पदरात घेतलीस तेव्हा कळत नव्हतं का? वरचा भिजला की खालच्याचं.’ वडील उठून घरी आले. पुन्हा त्यांनी तो विषय कधी काढला नाही, आणि पाणीपट्टी मात्र शेवटपर्यंत भरली.

शेती माझ्याकडे आल्यावर मी भांडायला गेलो नाही. माहिती अधिकारात अर्ज टाकला. मायनरच्या (आमच्या चारीला पाणी देणाऱ्या छोट्या कालव्याच्या) मुखाचं आणि टेलचं गेज रजिस्टर, म्हणजे रोज किती पाणी वाहिलं त्याची नोंदवही, त्या हंगामाचा आवर्तन कार्यक्रम, मागणी अर्जांची यादी आणि कालव्यातून पंपाने पाणी उचलायच्या उपसा परवान्यांची यादी, एवढंच मागितलं. उत्तर आलं की मागितलेली माहिती व्यापक स्वरूपाची आहे. अपील केलं. मग प्रत्यक्ष कागद बघायला बोलावलं.

ते रजिस्टर बघून मला घाम फुटला. अख्ख्या आवर्तनात टेलच्या गेजला एकच आकडा होता, दोन क्युसेक, म्हणजे सेकंदाला दोन घनफूट. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. एकाच शाईत, एका बैठकीत लिहिल्यासारखा. ज्या रात्री आम्ही टेलचे सगळे जण बॅटऱ्या घेऊन कोरड्या चारीत उभे होतो, त्या रात्रीही दोनच. आता हिशेब बघा. एक क्युसेक पाणी चोवीस तास चाललं की सुमारे २,४५० घनमीटर होतं. एका पाळीला आठ सेंटिमीटर धरले तर हेक्टरी ८०० घनमीटर लागतं. म्हणजे एका क्युसेकवर दिवसाला तीन हेक्टर आणि दोनवर सहा. गळती, पाझर सगळं वजा केलं तरी त्या रजिस्टरमधल्या पाण्याने आमचं टेल दरवर्षी भिजायला हवं होतं. सरकारदप्तरी ते भिजलेलंच आहे. आम्ही पाणी घेतलं म्हणून आमच्याकडून पट्टीही वसूल झाली.

परवान्यांची यादी तर आणखी वाईट होती. एक परवाना अशा माणसाच्या नावावर होता ज्याला जाऊन कितीतरी वर्षं झाली. त्याची पाईपलाइन लाभक्षेत्राच्या बाहेर, दुसऱ्याच्याच फळबागेत उतरते. सातबाऱ्यावर वारसनोंद लागली नाही तर पीककर्ज अडतं, इथे मयताच्या नावावर पाणी बिनधास्त उचललं जातं. आणि कालव्याला लावलेली जी पाईप आबांच्या रानात जाते, तिची यादीत नोंदच नव्हती.

मी लेखी तक्रार केली. पंचनामा झाला, नोटिसा निघाल्या. पुढच्या आवर्तनात टेलचे सगळे शेतकरी चारीवर रात्रंदिवस बसले आणि पाळी पहिल्यांदा खालून सुरू झाली. आबांच्या घरचं बोलणं त्या दिवसापासून बंद आहे.

आता तुमचा प्रश्न राज्याच्या पातळीवर घ्या, गोष्ट तीच दिसेल. धरणात आज किती टक्के साठा आहे हे जलसंपदा विभाग रोज जाहीर करतो, मोबाईलवर दिसतं. तेच पाणी गेटातून बाहेर पडलं की कुणाचं झालं, हे दिसत नाही. २००३ च्या राज्य जलनीतीत उद्योगाला शेतीच्या आधी बसवलं होतं. शेतीला दुसरं स्थान परत मिळायला २०११ साल उजाडलं. मधल्या काळात मंत्र्यांच्या उच्चाधिकार समितीने सिंचनासाठी बांधलेल्या धरणांतलं पाणी शहरांना आणि उद्योगांना देऊन टाकलं. ज्यांची जमीन त्या लाभक्षेत्रात होती, त्यांना कुणी विचारलं नाही. शेती, उद्योग, शहर यांपैकी कुणाला किती पाणी हे ठरवायचा अधिकार कायद्याने प्राधिकरणाला होता. २०११ ची दुरुस्ती आणून तो मंत्रिमंडळाकडे नेला आणि आधीच्या वाटपांनाही संरक्षण दिलं. आमच्या चारीवर आबांनी केलं, तेच तिथे कायदा करून झालं.

जायकवाडीचं उदाहरण मात्र उलटं आहे, आणि मला ते महत्त्वाचं वाटतं. नाशिक-नगरच्या वरच्या धरणांतून खाली पाणी सोडायचं की नाही यावर दर तुटीच्या वर्षी रान पेटतं. पण तिथे प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाने एक मोजमाप तरी आलं. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून किती सोडायचं, याचा तक्ता त्या आदेशाने दिला, आणि उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तो आदेश उचलून धरला. आकडे सगळ्यांसमोर असले की भांडणही आकड्यांवर होतं. आमच्या चारीवर ते नात्यांवर होतं, कारण आकडे एका माणसाच्या पिशवीत असतात.

आणि आकडे लपवण्यात वरचेही मागे नाहीत. २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत दहा वर्षांत सिंचनाखालच्या क्षेत्राची टक्केवारी ०.१ नेच वाढल्याचं दिसलं, केवढा गदारोळ झाला. पुढच्या पाहण्यांत त्या टक्केवारीच्या जागी ‘उपलब्ध नाही’ येऊ लागलं. जललेखा (पाण्याचा जमाखर्च), बेंचमार्किंग (प्रकल्पांच्या कामगिरीची तुलना), सिंचन स्थितीदर्शक अहवाल पूर्वी वर्षाला निघत, तो रिवाजही मोडला. १९७६ चा पाटबंधारे कायदा कित्येक दशकं स्वतःच्या नियमांविना, १९३४ च्या इंग्रजांच्या काळातल्या कालवा नियमांवर चालवला. याला मी गबाळेपणा म्हणणार नाही. नोंद नसणं कुणाच्या तरी फायद्याचं असतं, म्हणून नोंद नसते.

असं सगळीकडेच चालतं हे कुणी सांगितलं तर पटवून घेऊ नका. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखेंनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. पाणी एकरावर दिलं नाही, घरातल्या माणसांवर दिलं. भूमिहीनालाही वाटा, उसाला बंदी, आणि जमीन विकली तरी पाण्याचा वाटा तिच्याबरोबर जात नाही. नाशिकच्या वाघाड धरणावर बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी पाणीवापर संस्था बांधल्या आणि अख्खा प्रकल्प शेतकऱ्यांच्या हातात आला. तिथे पाणी मोजून घेतात, त्यामुळे पट्टी कशाची भरतोय हे माणसाला कळतं.

तेव्हा तुम्ही काय करा. ‘पाण्याची माहिती द्या’ असा मोघम अर्ज करू नका, तो परत येतो. मायनरचं नाव, हंगाम आणि आवर्तन लिहून गेज रजिस्टर मागा. उपसा परवान्यांची यादी गट नंबरासह मागा आणि सातबारे काढून ताडून बघा. पाणीवापर संस्था असेल तर २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने संचालक मंडळात मुख, मध्य आणि टेलला सारख्या जागा आहेत. टेलच्या जागेवर मुखाकडच्या माणसाचा मेव्हणा बसलेला नाही ना, हे आधी तपासा. पहिल्याच सभेत ठराव घ्या की टेल भिजल्याशिवाय मुखाचं दार उघडणार नाही, आणि रोजचा गेज फळ्यावर लिहिला जाईल.

हे सगळं कालव्याच्या पाण्याचं. विहीर-बोअरचा कायदा वेगळा आहे, तिथे माझं ऐकू नका. पिण्याच्या पाण्याचं आरक्षण सगळ्यांच्या आधी, त्यावर भांडू नये. पाटकऱ्याला मी वर कठोर बोललोय, पण पदं रिकामी असल्यामुळे एकेका माणसाकडे चार-पाच गावं आहेत, हेही खरं. सगळेच ऊसवाले पाणी चोरतात असंही नाही. ठिबकवाले, मोजून घेणारे मी पाहिलेत.

पण वरचा आधी भिजला पाहिजे, असं मला कुठल्याही कायद्यात, नियमात, परिपत्रकात सापडलेलं नाही. मी शोधलंय. आबांचा मुलगा या साईटवर असतो, माझी उत्तरं वाचतो. त्याच्याकडे असा कागद असेल तर खाली लिहावा, आणि सोबत त्या पाईपच्या परवान्याचा नंबरही लिहावा.