चटणी तुमची, कागद मिस्टरांचे

प्रश्न : जाऊबाई आणि मी कागलात कांदा-लसूण चटणी करून विकतो. साहित्य, कांडप, पिशव्या धरून किलोला 360 रुपये पडतात, विकतो 480 ला. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) मिस्टरांच्या नावावर, क्यूआर कोडही त्यांचाच. 2 लाखांच्या कर्जासाठी बँक घराचे कागद मागते, आणि घर सासऱ्यांच्या नावावर आहे. काय करावं?

उत्तर : घराचे कागद लागत नाहीत. सूक्ष्म-लघु उद्योगाला 2 लाखांसारख्या छोट्या कर्जासाठी बँकांनी तारण घ्यायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तुमची रक्कम ‘मुद्रा’ या सरकारी कर्ज योजनेच्या ‘किशोर’ गटात बसते. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तोंडी नकाराची नोंद कुठेच राहत नाही.

पण आज कागदोपत्री हा धंदा मिस्टरांचा आहे, आणि बँक कागदच बघते. तुम्ही एकट्या मालक असाल तर तुमच्या पॅन-आधारवर उद्यम नोंदणी करा. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, एजंटाला पैसे देऊ नका. जाऊबाई बरोबरीच्या असतील तर आधी भागीदारीपत्र, मग फर्मचं पॅन, मग उद्यम. खाद्यपदार्थ विकायला लागणारी अन्न नोंदणीही त्याच नावावर हवी. क्यूआर धंद्याच्या चालू खात्याला जोडा आणि सहा महिने सगळी विक्री तिथंच येऊ द्या.

आता हिशेब. 20 किलोच्या खेपेला 2,400 रुपये सुटतात असं दिसतं. त्यात दोघींचे तीन-तीन दिवस जात असतील आणि रोजाला 350 धरले, तर 2,100 मजुरीच झाली. उरले 300. घरच्या बाईची मजुरी धरायचीच नाही, ही सवय धंद्याला आतून पोखरते. भाव 520 करा, नाहीतर वेळ वाचवा. कांदा चिरायला यंत्र घ्या, पण वाळवण्यात घाई नको. किलोभर ओल्या कांद्याचा वाळून जेमतेम 120 ते 150 ग्रॅम राहतो. कांद्याची वाळलेली चकती वाकली तर आत ओल आहे, कडकन मोडली पाहिजे. ओल राहिली की बुरशी धरते आणि अख्खी खेप जाते.

अजून एक. मिरची हंगामात एकदम भरायची आणि चटणी वर्षभर विकायची, असा हा धंदा. मुदत कर्ज घेतलं तर माल विकायच्या आधीच हप्ते मागे लागतात. म्हणून यंत्रापुरतं मुदत कर्ज घ्या आणि मिरचीसाठी कॅश क्रेडिट मागा, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत लागेल तसे पैसे उचलायचे आणि विक्री होईल तसे भरायचे. त्यात उचललेल्या रकमेवरच व्याज लागतं.